कंसातलं ‘असो’

पिंपरीहून आलेलं पत्र. चार पानांचं आहे, त्यातला मजकूर थोडक्यात देते.

‘मावशी, सलाम. माझं वय 41. एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी करते. आमच्या घरात आजोबांपासून ख्रिस्ती विश्वास. रविवारची उपासना कधी चुकत नाही, गायनवृंदात आहे, शब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग घेते. वर्षात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता लावलाय, तोही पाळते. पण खरं सांगू? आत काहीच हलत नाही. प्रार्थनेला बसले की जेवणाच्या सुट्टीत बंद खिडकीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका सहभागितेत, म्हणजे वेगळ्या प्रार्थनागटात, जाते. तिच्याशी प्रभू रोज पहाटे बोलतो, असं ती साक्षीत सांगते. ती म्हणते, तुझ्यात काहीतरी लपलेलं पाप असणार, 21 दिवस उपास कर. मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. (2021 च्या एप्रिलमध्ये पप्पा कोविडनं गेले. मंडळीनं साखळी प्रार्थना केली होती. सांत्वनाच्या उपासनेत मीच गीत म्हटलं. असो.) देवाशी खरी जवळीक कशी होते? माझं नेमकं काय चुकतंय?’

बाळा, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना उत्तर डोक्यात तयारच झालं होतं. पहाटे ऊठ, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, थोडं वाच, थोडं गप्प बस. हे सगळं बरोबरच आहे आणि तुला ते ठाऊकही आहे. माझ्याकडून ऐकण्यासाठी चार पानं लिहायची गरज नव्हती.

दुसऱ्यांदा वाचताना त्या कंसाशी अडखळले.

मी 32 वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी ओपीडीत गेली. तिथं एक गोष्ट शिकले. खेड्यातून आलेली बाई दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलते. चिठ्ठी घेते, पदर सावरते, दारापर्यंत जाते आणि तिथून मागं वळून म्हणते, ‘सिस्टर, आणि मधून मधून छातीत दुखतंय जरा. असू द्या.’ आमच्या डॉक्टरीणबाई तेवढ्यावर पेन खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘आता बसा. आता सांगा.’

तेव्हा आता बस. तक्ता, गायनवृंद, मैत्रीण हे सगळं गुडघ्याचं दुखणं झालं. वडील गेल्याचं तू दीड-दोन ओळींत लिहिलंस, तेही कंसात, आणि शेवटी ‘असो’ लावून दाराला कडी घातलीस. मराठी माणसाला हा शब्द फार कामाचा. बोलायचं असतं आणि बोलवत नाही, तिथं आपण ‘असो’ म्हणतो. माणसांशी बोलताना ते चालून जातं. पण माझा अंदाज असा की गेली काही वर्षं तू देवाशीही ‘असो’ म्हणूनच बोलते आहेस.

त्या एप्रिलमध्ये पुण्याकडं बेडसाठी आणि ऑक्सिजनसाठी काय धावाधाव चालली होती, ती आम्ही नगरला बसून फोनवर ऐकत होतो. साखळी प्रार्थना म्हणजे काय तेही मला ठाऊक आहे. घरटी अर्धा अर्धा तास वाटून घ्यायचा, रात्रंदिवस साखळी तुटू द्यायची नाही. तू कुठला अर्धा तास घेतला होतास? रात्री दोनचा? तीनचा? त्या अर्ध्या तासात तू काय मागितलंस, कोणत्या शब्दांत मागितलंस, हे तुला आजही पाठ असेल. आणि मग फोन आला. मग सगळे म्हणाले, प्रभूची इच्छा. तू डोळे पुसलेस, उभी राहिलीस आणि गीत म्हटलंस. लोक म्हणाले असतील, काय विश्वास आहे मुलीचा!

मला विचारशील तर खिडकी त्या दिवशी बंद झाली, आणि ती देवानं लावली असं मला वाटत नाही. तू लावलीस असंही म्हणवत नाही. तुला कुणी दुसरं काही करूच दिलं नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. तक्त्यात येईल तेव्हा नाही, आज काढ. लाजर आजारी आहे असा त्याच्या बहिणींचा, मार्था आणि मरीयेचा, निरोप येशूला पोचतो. निरोप म्हणजे त्यांची साखळी प्रार्थनाच म्हण. येशूचं या घरावर प्रेम होतं असं योहान मुद्दाम लिहितो आणि पुढच्याच वाक्यात सांगतो की निरोप ऐकूनही तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. आपण हा अध्याय दफनविधीत इतक्यांदा ऐकतो, पण ते दोन दिवस कानावरून निघून जातात. तो बेथानीला पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला रस्त्यातच गाठते. पहिलं वाक्य काय? स्तुती नाही, आभार नाही. प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता.

मरीया घरातच बसून राहते. ही तीच, जी मागं एकदा स्वयंपाक सोडून त्याच्या पायाशी बसली होती आणि जिचं उदाहरण आपल्याला प्रत्येक महिला मेळाव्यात ऐकवतात. आज ती उठत नाही. मार्था येऊन गुपचूप सांगते की गुरू तुला बोलावतो आहे, तेव्हा उठते. आणि तीही तेच वाक्य म्हणते. शब्दाला शब्द. चार दिवस त्या दोघी घरात एकमेकींना तेच म्हणत असणार, नाहीतर दोघींच्या तोंडी एकच वाक्य कसं येईल?

येशू तिला विश्वासावर उपदेश करत नाही. ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. तो रडतो.

यानंतर काय झालं ते तुला ठाऊक आहे, आणि इथं मला एक गोष्ट झाकायची नाही. लाजर कबरेतून उठला. तुझे पप्पा उठले नाहीत. पुनरुत्थानाची आशा आहे, ती माझीही आहे, माझा नवरा त्याच आशेत मातीआड झाला. पण ती आशा दाखवून आजचा प्रश्न गप्प करायचा नसतो. मी तुला लाजराचं उठणं दाखवत नाहीये. कबरेपर्यंत पोचण्याआधी रस्त्यात जे घडलं तेवढंच दाखवते आहे. त्या दोघी त्याच्या इतक्या जवळच्या होत्या की त्यांनी तक्रार त्याच्या तोंडावर केली. परक्या माणसाला आपण ‘काही हरकत नाही’ म्हणतो. घरच्याला विचारतो, ‘कुठं होतास?’

बायबलातल्या स्तोत्रांतही हेच आहे. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गाऱ्हाण्यांची आहेत. आपण उपासनेत तेविसावं, शंभरावं, एकशेएकविसावं वाचतो. अठ्ठ्याऐंशीवं वाचलेलं कधी ऐकलंस? बाकीची बहुतेक गाऱ्हाणी निदान शेवटी आशेवर येतात, हे अंधारातच संपतं. कुणीतरी ते लिहिलं, कुणीतरी चाल लावली, देवाच्या घरात गायलं आणि कुणीही ते शास्त्रातून वगळलं नाही.

शिवाय आपण मराठी लोक. देवाशी भांडायचं कसं हे आपल्याला वेगळं शिकावं लागू नये. जनाबाई विठोबाला शिव्या घालते, तुकोबा त्याच्याशी हुज्जत घालतात, आणि कुणाला त्यात पाप दिसलं नाही. आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून भक्ती आली, गोडवा आला, पण भांडण मात्र आपल्या मंडळ्यांनी पलीकडच्या काठावरच ठेवलं असं मला कधी कधी वाटतं. (हे माझं वैयक्तिक मत. पाळकसाहेबांनी रागवू नये.) आपण देवाला ‘तू’ म्हणतो. माझ्या लहानपणी आम्ही वडिलांना ‘तुम्ही’ म्हणायचो आणि आईला ‘तू’. देवाला पिता म्हणतो खरं, पण बोलतो आईशी बोलतात तसं. निदान व्याकरणात. प्रत्यक्षात आपल्या प्रार्थना ऐक: ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो की तू आम्हांस हा सुदिन दाखविलास...’ ‘तू’ आहे, पण भाषा अर्जाची. तुझ्या पतसंस्थेत कर्जमाफीचा अर्ज येतो, तशी.

तेव्हा करायचं काय.

वर्षाचा तक्ता काही दिवस मिटून ठेव. त्यानं देव रागावत नाही. फक्त योहान अकरा घे, रोज तोच. दिवसाला पंधरा मिनिटं पुरे, जास्त नको. तुझ्यासारख्या कामसू बायका पंधराची चाळीस करतात आणि आठ दिवसांत सोडून देतात. घरात कुणी नसेल ती वेळ बघ. स्वयंपाकघराचं दार लावलंस तरी चालेल, येशूनं खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलंय, खोली कोणती ते सांगितलं नाही. आणि मोठ्यानं बोल. मनातल्या मनात नको, मनात आपण लबाडी करतो. पप्पांशी ज्या भाषेत बोलायचीस त्याच भाषेत. पहिलं वाक्य तुला मार्थेनं देऊन ठेवलंय, फक्त भावाच्या जागी पप्पा घाल.

पहिल्या दिवशी बहुतेक शब्द फुटणार नाही. मग नुसती बस. रडू आलं तर येऊ दे. राग आला तर तोही येऊ दे, तो देवाला सोसवत नाही असं समजू नकोस.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. आमचे हे गेले त्यानंतर जवळजवळ सात महिने मी रोज पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायची. प्रार्थना म्हणून नाही, झोप यायची नाही म्हणून. समोर धुण्याचा दगड आणि शेजारच्यांची कोंबडी. रोज एकच वाक्य म्हणायची, ‘केलंस ना तुला करायचं ते?’ पलीकडून काही नाही. उजेड नाही, वाणी नाही, अंगावर काटा नाही. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की तुझी देवाशी जवळीक आहे का, तर मी कप फेकून मारला असता.

मग एकदा, तारीख आठवत नाही आणि काही विशेष घडलंही नव्हतं, माझ्या लक्षात आलं की मी त्याला गॅसबद्दल सांगते आहे. सिलिंडर संपत आलाय, नंबर लावायचा राहिलाय, आता हे कामही मलाच करावं लागतं, आधी हे करायचे. असं बराच वेळ चाललं होतं. कधी सुरू झालं, कळलं नाही. त्या पायरीवर मी भांडायला बसत होते आणि भांडता भांडता घरातलं सांगायला लागले होते. तेव्हापासून आजतागायत माझी प्रार्थना साधारण तशीच आहे. रविवारी गीतपुस्तकातली, बाकी सहा दिवस सिलिंडरची.

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल. तिच्याशी प्रभू बोलत असेल. मी नाही म्हणणारी कोण? काहींना तसं मिळतं. पण तिला मिळालेल्या मापानं तू तुझं माप घेऊ नकोस. बायबलातला लहानगा शमुवेल मंदिरात झोपायचा, दिव्याजवळ, देवाच्या कराराच्या कोशाजवळ, त्यालाही देवाची हाक ओळखू आली नव्हती. तीनदा उठून एली याजकाकडंच धावत गेला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. तू केडगावावरून कितीदा गेली असशील, दौंडच्या अलीकडं स्टेशन लागतं, तिथलं मुक्ती मिशन त्यांचंच. त्या बाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! संस्कृतात वाद जिंकणारी, अख्खं शास्त्र वाचलेली बाई. त्यांच्यात काही लपलेलं पाप होतं म्हणून नव्हे.

कोलकात्याच्या मदर तेरेसांचं तर त्या गेल्यावर दहा वर्षांनी, 2007 साली, पत्रांतून बाहेर आलं. 1946 मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना देवाचं पाचारण झालं होतं, स्पष्ट. काम सुरू झालं आणि आत अंधार पडला. तो जवळजवळ पन्नास वर्षं राहिला, मधला थोडा काळ सोडला तर. त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, काहीच जाणवत नसताना. आपल्या प्रॉटेस्टंट घरांत संतांची नावं फार निघत नाहीत, पण आणखी एक सांगतेच, कारण मला ती आवडते. स्पेनची आविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली. प्रार्थनेवर जगभर जिचं लिखाण वाचतात, तिनं स्वतः कबूल केलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासात माझं लक्ष घड्याळाचा टोला कधी पडतो याकडंच असायचं. तू काउंटरवर साडेपाचकडं बघतेस तसं.

लपलेल्या पापाचं म्हणशील तर बायबलात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही त्याला हेच सांगितलं होतं, चांगल्या काव्यात आणि बऱ्याच अध्यायांत. शेवटी देव त्या मित्रांवर रागावला. म्हणाला, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? जन्माच्या दिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती. मैत्रिणीशी भांडू नकोस. ती तुझ्या काळजीनंच बोलते. फक्त तिला सांग की काही दिवस माझ्यासाठी प्रार्थना कर, माझं निदान करू नकोस.

गायनवृंद सोडू नकोस. पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलंयस ना, ‘ढोंग वाटतं, सोडून द्यावं का’, म्हणून सांगते. आत कोरडं पडलेलं असताना मोठे निर्णय फिरवायचे नाहीत, हा लोयोलाच्या संत इग्नातियसचा चारशे वर्षांहून जुना सल्ला आहे आणि तो मी नर्सिंगमध्येही वापरलाय. तापात माणसानं घर विकू नये. मंडळी बदलणं, वर्ग सोडणं, नव्या सहभागितेत जाणं, हे सगळं वर्षभर बाजूला ठेव. गाताना शब्द तुझे नसतील तर नसू देत. शेजारची सोप्रानो ते तुझ्या वतीनं म्हणते आहे असं धर. मात्र एक करू शकतेस. सांत्वनाच्या उपासना असतात तिथं ‘मी आज गात नाही, मी बसते’ असं म्हणायची मुभा घे.

शब्बाथ शाळेतल्या पोरांकडं जरा लक्ष दे. त्यांची प्रार्थना ऐक. ‘देवा, माझ्या भावानं माझं खोडरबर घेतलं, त्याला सांग.’ आपण त्यांना सुधारून ‘आभार मानून सुरुवात कर’ शिकवतो. आठवडाभर शिकवू नकोस, नुसती ऐक.

आईची गोष्ट तू पत्रात काढलीच नाहीस. आई असतील तर त्यांच्यापाशी बस. मार्था आणि मरीया दोघी एकच वाक्य म्हणत होत्या, तसं तुमच्या घरात दोघी वेगवेगळ्या खोल्यांत तेच वाक्य गिळत असाल. तुझ्या पाळकांशीही बोलता येईल, पण आधी विचारून घे की ते नुसतं ऐकतील का. काही पाळकांना ऐकताना लगेच वचन सुचतं, त्यांचाही इलाज नसतो.

आता नर्स म्हणून. झोप कशी आहे? जेवण जातं का? सकाळी उठावंसंच वाटत नाही असे दिवस किती? याची उत्तरं वाईट असतील तर ती आध्यात्मिक कोरडेपणात ढकलू नकोस, डॉक्टरकडं जा, लागल्यास मानसोपचार करणाऱ्यांकडं जा. मधुमेहवाल्यांना उदासी जास्त गाठते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलंय. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून ‘पुरे झालं, मला मरू दे’ म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची ती शांत, मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

त्यावरून तुझा 21 दिवसांचा उपास. दानीएल संदेष्ट्याच्या तीन आठवड्यांच्या उपासाचं नाव घेतात, पण त्यानं मिष्टान्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, सगळंच अन्न सोडलं असं तिथं लिहिलेलं नाही. त्याला मधुमेह होता असंही लिहिलेलं नाही. गोळ्या घेऊन उपाशी राहिलीस तर साखर एकदम खाली येऊ शकते आणि पहाटे घाम फुटून हात थरथरायला लागले तर तो पवित्र आत्मा नसेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवायचं नाही. सोडायचंच असेल तर तो ‘असो’ सोड, 21 दिवस.

आणि पुढचं पत्र लिहिशील तेव्हा पप्पांचं नाव लिही. ते काय काम करायचे, चहात साखर किती घ्यायचे, गायचे का. कंस न करता.

तुझी,
मावशी